हौसेलाही मोल असते : दुर्बिणीचे माउंट जुने घ्यावे की नवे?



आरोग्य आणि अर्थकारणाच्या या पानावर आपण विमा, मुदत ठेवी, पुण्या-ठाण्यातल्या घरांचे हप्ते आणि मधुमेह यांविषयी वाचतो. त्यात दुर्बिणीचा विषय काहींना आगंतुक वाटेल. पण ऑक्टोबर उलटला, हवा जरा उतरली की आपल्यातली दोन-चार कुटुंबे मुलांसाठी दुर्बीण घेण्याच्या विचारात पडतात. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि आकाशाचा नाद असलेला, म्हणून विचारणा माझ्याकडे येते. प्रश्न बहुधा "किती इंची घेऊ?" असा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की दुर्बीण उभी कशावर राहणार आहे, आणि त्या वस्तूवर किती पैसे घालायचे.

माउंट म्हणजे दुर्बिणीची बैठक. तिपाई आणि नळी यांच्यामध्ये असलेले, दुर्बीण फिरवणारे आणि धरून ठेवणारे यंत्र. त्याचे महत्त्व एका हिशोबात कळते. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश. म्हणजे दर दोन मिनिटांनी चंद्र आपल्या रुंदीएवढा पुढे जातो. दुर्बीण शंभरपट मोठे दाखवत असेल तर दृष्टिक्षेपातला गुरू दीड-दोन मिनिटांत बाहेर निघून जातो, आणि माउंट डुगडुगत असेल तर ती थरथरही शंभरपट मोठी दिसते. आठ वर्षांचे मूल स्टुलावर चढून डोळा लावते, त्याला काहीच स्थिर दिसत नाही, तिसऱ्या रात्री ते टीव्हीकडे वळते. आईवडील म्हणतात, "ह्याला आवडच नाही." आवड होती, बैठक कच्ची होती. माझ्या पाहण्यात मुलांची हौस बहुतेक वेळा इथेच मोडते.

आता पैशांचा मुद्दा. ठरावीक रकमेत दोन मार्ग असतात : नवे पण हलक्या प्रतीचे माउंट, किंवा वापरलेले पण एक-दोन पायऱ्या वरचे. माझे मत स्पष्ट आहे. आखाती देशात राहणाऱ्या, बजेट आखून चालणाऱ्या कुटुंबाने वापरलेले, वरच्या प्रतीचे माउंट घ्यावे; मात्र ते स्वतः हाताळून, आणि शक्यतो साध्या यांत्रिक रचनेचे.

याचे पहिले कारण यंत्राच्या स्वभावात आहे. माउंटचा गाभा म्हणजे धातूचे अक्ष, बेअरिंग आणि वर्म गिअर. सांभाळले तर हे भाग दशकानुदशके टिकतात. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, प्रा. नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारे १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. डब्लिनच्या ग्रब कारखान्यातली तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेले. तिथे ही दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली आणि पुढे कामात आली. देशातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीचे आयुष्य दुसऱ्या हाती गेल्यावर संपले नाही, मग आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीला 'सेकंडहँड' म्हणून नाक मुरडण्याचे कारण काय?

दुसरे कारण इथल्या बाजाराचे. आपण इथे पाहुणे आहोत. कोणाची नोकरी बदलते, कोणाचा करार संपतो, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी परत जातो. निघणारे कुटुंब सोफा, धुलाईयंत्र आणि दुर्बीण एकाच महिन्यात काढते. कंटेनरमध्ये घालावी एवढी ती स्वस्त नसते आणि विमानाने न्यावी एवढी हलकी नसते. त्यामुळे डुबिझलवर आणि मित्रमंडळींत चांगली यंत्रे वाजवी दरात येतात, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्टीआधी.

हिशोब कसा मांडावा तो सांगतो. आकडे समजुतीपुरते आहेत, आपले स्वतःचे घालावेत. समजा, नवे माउंट ५,००० दिरहमला आहे आणि तेच वापरलेले ३,०००ला. चार वर्षांनी आपण परत निघालो. नव्याचे २,७५० आले, म्हणजे घट २,२५०. महिन्याला सुमारे ४७ दिरहम. वापरलेल्याचे २,४०० आले, साफसफाई आणि ग्रीसचे ३०० धरले, तर खर्च ९००. महिन्याला १९ दिरहमही नाहीत. खरी किंमत ही अशी, वापराच्या महिन्यांवर काढायची. नव्या मालाला २०१८ पासूनचा ५ टक्के व्हॅट आहे, परदेशातून मागवल्यास वाहतूक आणि सीमाशुल्कही. हे पैसे विकताना कोणी परत देत नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. "नव्याला वॉरंटी असते," असे म्हणणारे चुकत नाहीत. पण वॉरंटी कोणाची, हे विचारावे. स्थानिक विक्रेता दुरुस्ती करत असेल तर तिला अर्थ आहे. बाहेरून मागवलेले दहा-पंधरा किलोचे यंत्र बिघडल्यावर स्वखर्चाने परत पाठवायचे असेल, तर ती वॉरंटी कागदावरच राहते.

जुन्याचा खरा धोका विजेच्या भागांत आहे. स्वतःहून तारा शोधणाऱ्या 'गो-टू' माउंटमध्ये मोटारी, सर्किट बोर्ड, हँड कंट्रोलर असतात. धातू थकत नाही, बोर्ड अचानक जातो. १९७२ पासूनची अमेरिकन मीड कंपनी आणि तिची मालक झालेली ओरायन यांनी २०२४ मध्ये कारभार गुंडाळला, तेव्हापासून त्यांच्या जुन्या गो-टू यंत्रांचे बोर्ड मिळवणे अवघड झाले आहे. म्हणून माझा नियम असा : यांत्रिक माउंट बिनधास्त जुने घ्या, गो-टू हवे असेल तर ज्याचे सुटे भाग आजही विकत मिळतात तेच जुने घ्या, नाहीतर नवे. आणि वापरलेल्याची किंमत नव्याच्या ७० टक्क्यांहून जास्त सांगत असतील तर सरळ नवे घ्यावे. तेवढ्या बचतीसाठी धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

पाहायला जाताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. नळी बसवायची पट्टी धरून हळूच हलवा. अक्ष खडखडला तर त्यात 'प्ले' आहे. थोडा प्ले स्क्रू आवळून जातो, जास्त असेल तर सोडून द्या.

२. क्लच सैल करून दोन्ही अक्ष बोटाने फिरवा. चाल लोण्यासारखी हवी. कचकच लागली तर आत वाळू गेली आहे. इथे हा दोष फार आढळतो.

३. मोटारी असतील तर हळू आणि जलद, दोन्ही वेगांत, दोन्ही दिशांना चालवून आवाज ऐका.

४. माउंट कुठे ठेवले होते ते विचारा. उन्हाळाभर बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत राहिलेल्या यंत्राचे ग्रीस आणि केबल यांवर भरवसा ठेवू नका.

५. अक्षांशाची पट्टी पाहा. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण आपल्या अक्षांशाएवढा वर असतो. दुबईत २५ अंश, नागपुरात २१, पुण्यात साडेअठरा, कोल्हापुरात १७ पेक्षाही कमी. युरोप-अमेरिकेचा विचार करून बनवलेली काही माउंट एवढी खाली झुकत नाहीत, किंवा झुकली तर वजनांचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. उद्या गावी न्यायचे असेल तर हे आजच बघावे.

या पानाचा दुसरा विषय आरोग्य, म्हणून पाठीविषयीही बोलतो. स्काय-वॉचरच्या ईक्यू६-आर या नावाजलेल्या माउंटचे नुसते डोके १७ किलोच्या घरात आहे. शिवाय ५-५ किलोची वजने आणि तिपाई वेगळी. आपण राहतो बर दुबईत, शारजात किंवा मुसाफ्फात, आणि आकाशगंगा बघायची तर अल कुआसारख्या अंधाऱ्या वाळवंटात जावे लागते. म्हणजे दर वेळी फ्लॅट, लिफ्ट, गाडी, वाळू आणि पहाटे तेच उलट. चाळिशीकडे झुकलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने ही उचलाउचल महिन्यातून दोनदा जमेल का, याचा प्रामाणिक विचार करावा. २०२२ मध्ये झेडडब्ल्यूओ कंपनीचे एएम५ हे सुमारे ५ किलोचे माउंट आले, तेव्हापासून हलक्या यंत्रांची नवी पिढी बाजारात आहे. ती महाग आहे. पाठीचे दुखणे असलेल्याला मात्र मी नव्यावर जास्त पैसे घालायला सांगेन. स्वस्त पण न उचलवणारे माउंट कपाटामागे उभे राहते, तो सगळाच खर्च वाया.

आणि ज्यांना फोटो काढायचे नाहीत, फक्त मुलांना चंद्रावरची विवरे, शनीचे कडे, गुरूचे चार चंद्र दाखवायचे आहेत, त्यांनी या भानगडीतच पडू नये. सहा इंची डॉब्सोनियन घ्यावी. तिची बैठक म्हणजे फिरणारी लाकडी पेटी. मोटार नाही, बोर्ड नाही. पुण्याच्या आयुकामध्ये कार्यशाळा घेऊन मुलांकडून दुर्बिणी करवून घेतल्या गेल्या आहेत. आपली मुलेही सुट्टीत घरच्या घरी अशी पेटी बनवू शकतील.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप : "हौसेला मोल नसते." त्यांच्याविषयी आदर राखून म्हणतो, परदेशात असते. इथे नोकरी गेली की राहण्याची मुदत महिन्यांत मोजली जाते. म्हणून क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर माउंट घेऊ नये, ग्रॅच्युइटीच्या भरवशावर तर मुळीच नाही. आधी पती-पत्नींनी बसून रक्कम ठरवावी. तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग माउंटला द्यावा, नळी लहान घ्यावी. चांगल्या बैठकीवरची लहान दुर्बीण रोज वापरली जाते, आणि हात राखून खर्च केलेली हौस पुढच्या वर्षीही परवडते.