गेमोचे नियम आणि आपले कप्पे

साथीच्या काळात स्थानिक समाज म्हणजे अडाणी जमाव. त्याला शहाणे करायचे ते बाहेरून आलेल्यांनी, हे गृहीतक आम्हांस मान्य नाही. सन २००० मध्ये उत्तर युगांडातील गुलू भागात इबोला पसरला. तेथील अचोली समाज अशा साथीला 'गेमो' म्हणतो. गेमो हा वाऱ्यासारखा अवचित येणारा आत्मा, अशी त्यांची श्रद्धा. पण गेमो आल्यावर पाळायचे नियम पाहा. रुग्णाला वेगळ्या घरात ठेवावे. त्याची शुश्रूषा त्याच आजारातून उठलेल्याने करावी. दाराच्या दोन्ही बाजूंस हत्तीगवताचे उंच दांडे रोवून येणाऱ्यास सावध करावे. नाच बंद ठेवावेत. बरे वाटल्यावरही रुग्णाने एक चांद्रमास वेगळेच राहावे. याला विलगीकरण नाही तर काय म्हणायचे?

आणि आपण साहित्याचे अभ्यासक काय करतो? आत्म्याचा उल्लेख आला की 'लोकश्रद्धा' अशी चिठ्ठी लावून सारे प्रकरण लोकसाहित्याच्या कप्प्यात टाकतो. प्रतीके शोधतो, नियम वाचत नाही. स्थानिकांच्या काही चाली घातक असतात हे खरेच. अंत्यविधीत मृतदेहाला स्पर्श करण्याने इबोला पसरतो. पण पारख वाचनानंतर करायची असते, वाचन टाळण्यासाठी नव्हे. लोकांकडून शिकायचे असेल, तर त्यांचे म्हणणे आधी ज्ञान म्हणून वाचावे लागेल.