ताटातील गुलामगिरी

विश्रामबाग सांगली आणि मिरज यांच्या मध्ये वसले आहे. एका अंगास सांगली, म्हणजे हळद, गूळ व बेदाण्याची पेठ. दुसऱ्या अंगास मिरज, म्हणजे दवाखान्यांचे गाव. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगावकडील शेतकरी एका गावी माल विकतो आणि हाती आलेला पैसा दुसऱ्या गावी औषधाला घालतो. सगळीच दुखणी अन्नामुळे येतात असे आमचे म्हणणे नाही. पण अंगात रक्त कमी असणे, मुलांची वाढ खुंटणे, मधुमेह, रक्तदाब यांचा पुष्कळसा संबंध ताटाशी आहे, आणि ताट सुधारण्यास डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. ज्या प्रांतात ऊस, द्राक्षे, दूध यांचा सुकाळ, तेथे ही दशा! हिला दैव म्हणणारे पुष्कळ भेटतील. बंधूंनो, त्यांचे ऐकू नका. याची कारणे माणसांनी केलेली आहेत, आणि त्यांतील चार तर आपल्या घरातच बसली आहेत.

पहिले कारण लाज. पाहुणा आला की चपाती आणि पांढरा भात पाहिजे. भाकरी वाढली तर अब्रू गेली! ज्वारी, बाजरी, नाचणी, हुलगा, मटकी ही गरिबाची म्हणून हलकी, असे कोणी तरी ठरवले आणि आपण ते मुकाट्याने मानले. आता हिशेब पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे हाडे घडवणारे कॅल्शियम, असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात त्याचा विसावा हिस्साही नसतो. हुलग्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने, म्हणजे अंग भरणारे सत्त्व, असते. भाकरीत धान्याचा कोंडा राहतो, मैद्यात तो निघून जातो. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि तेच धान्य आता शहरात चकचकीत पाकिटांत घालून चढ्या दराने विकले जाते. आपण ज्याची लाज धरली, त्याचा दुसऱ्याने धंदा केला. पिकते तिथे विकत नाही, ती ही अशी!

दुसरे कारण उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असे दिवस मोजले तर कित्येक बायांचा अर्धा महिना उपासातच जातो. दिवसभर उसात नाही तर भांगलणीत राबायचे आणि पोटात काय, तर साबुदाणा आणि चहा. साबुदाणा म्हणजे कसावा नावाच्या कंदाची खळ. त्यात सत्त्व जवळजवळ नाहीच. हा कसावा आणि उपासाचा बटाटा, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. पोर्तुगीजांच्या काळाआधी ते या देशात कोणास ठाऊक नव्हते. मग जुन्या शास्त्राने त्यांना पवित्र ठरवले तरी केव्हा? समुद्रापलीकडच्या कंदाने देव संतुष्ट होतो आणि आपल्या रानातल्या ज्वारीने बाटतो, हे गणित कोणत्या शास्त्रातले? ज्या बाईचे रक्त कमी आहे, जी पोटुशी आहे, जी अंगावर पाजते, तिने उपास मोडावा. आधी पोटोबा, मग विठोबा, हे आपल्या वाडवडिलांचे शहाणपण आहे.

तिसरे कारण पंगत. घरधनी जेवला, पोरे जेवली, सासूसासरे जेवले. मग भांड्याच्या तळाशी राहिलेले कोरड्यास आणि शिळी भाकरी घरच्या लक्ष्मीने खावी. बाळंतपणाच्या वयातील बाईला पुरुषाहून अधिक लोह लागते, आणि आपल्या घरी तिलाच सर्वांत कमी मिळते. ब्राह्मणाची पंगत वेगळी आणि आपली वेगळी म्हणून आपण झगडलो. आपल्याच चुलीपुढे बाईची पंगत शेवटची का? सगळ्यांनी एका वेळी बसावे, आणि डाळ, अंडे, मटण जे असेल ते सर्वांस सारखे वाढावे. याला एक पैही खर्च नाही.

चौथे कारण पुडी. सकाळी सारे दूध डेअरीला जाते आणि पोराच्या हाती कोरा चहा व बिस्किटे येतात. शाळेत जाताना दहा रुपयांची कुरकुरीत पुडी. घरात दोन मुले असली तर पुड्यांचे महिन्याला सहाशे रुपये झाले. त्यात मैदा, तेल, मीठ, साखर यांपलीकडे फारसे काही नाही. तेवढ्याच पैशात रोज दोघांनाही एकेक अंडे मिळते, किंवा मूठमूठ शेंगदाणे व फुटाणे मिळतात.

मग खावे काय? फार मोठे शास्त्र नाही. तीन वाट्या धान्याला निदान एक वाटी डाळ किंवा कडधान्य असावे. धान्यात जे सत्त्व अपुरे असते ते डाळीत मिळते, आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. भाकरी-उसळीची जोडी आजीने उगाच जमवलेली नव्हती. मटकी, हुलगे मोड आणून खावेत. हुलग्याचे माडगे, ताकातल्या कण्या, आंबील ही पुन्हा चुलीवर येऊ द्यावीत. भाज्या व फळे मिळून माणशी रोज चारशे ग्रॅम तरी पोटात जावीत. बांधावर एक शेवगा, परसात पेरू, लिंबू व दोन वाफे मेथी-तांदुळजा, आणि रानात आपोआप येणारी घोळ व पाथरी एवढ्यावर पुष्कळ भागते. ऊस बांधापासून बांधापर्यंत लावून भाजी बाजारातून आणणारा शेतकरी शहाणा म्हणता येणार नाही. जेवणात लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते; जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने ते वाया जाते. भाजी लोखंडी कढईत करावी. मीठ दिवसाला माणशी एक लहान चमचा, तेल महिन्याला माणशी पाऊण किलो, यापुढे जाऊ नये. आणि एक कडू गोष्ट. गूळ आपला, कारखाना आपला, म्हणून साखर-गूळ औषध होत नाही. मधुमेह्याला दोन्ही सारखीच वर्ज्य आहेत.

पोटाचा व उद्धाराचा संबंध आपल्या चळवळीने फार पूर्वी ओळखला. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले व सत्यशोधक मंडळींनी धनकवडीस मुलांना जेवू घालण्याची सोय केली. १९१९ साली विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज निघाले, आणि त्याच साली कराडजवळ काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. कॉलेजाच्या दारापर्यंत रयतेचे पोर पोहोचायचे तर आधी त्याच्या भाकरीची सोय पाहिजे, हे भाऊरावांनी जाणले. म्हणून १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग निघाले. तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवर रांधलेले अन्न एका पंगतीस बसून जेवली, आणि त्या अन्नाकरिता लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही मोडले. ज्या चळवळीने पाटीइतकीच भाकरीची काळजी वाहिली, तिच्या वारसांनी पोराच्या हाती पुडी द्यावी, हे शोभत नाही.

आता सरकारास दोन शब्द. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही लिहिलेले आहे. २०२३ पासून रेशनचे धान्य फुकट झाले, हे चांगलेच. पण आमच्याकडे येतात ते बहुधा गहू आणि तांदूळ. फुकटचा तांदूळ घरात असता महागाची ज्वारी कोण घेईल? जत-आटपाडीच्या शेतकऱ्याची शाळू हमीभावाने घ्या आणि याच जिल्ह्याच्या रेशन दुकानांतून द्या. पिकवणारा व खाणारा दोघेही तरतील. दुसरे, शाळेच्या आहारात आठवड्यास एक अंडे द्यावयाचे २०२३ साली ठरले, आणि २०२५ च्या आरंभी त्याचा पैसा काढून घेऊन लोकवर्गणी जमवा म्हणून सांगितले. ज्यांच्या घरी दूध-तूप आहे त्यांनी अंडे खाऊ नये, त्यांची खुशी. पण त्यांच्या सोवळ्यासाठी मजुराच्या पोराचे अंडे का हिरावता? ग्रामसभेत हा प्रश्न उभा करा, ठराव लिहून घ्या.

सरकार हलेल तेव्हा हलेल. आज संध्याकाळी मात्र भाकरी थापा, उसळ करा, लिंबू चिरा, आणि घरातील बाईला आपल्या शेजारी जेवायला बसवा. त्यासाठी मुहूर्त पाहण्याची गरज नाही.