घर स्मार्ट झालं, सांभाळणार कोण?

उचगाव आता गाव कमी आणि कोल्हापूरचं उपनगर जास्त वाटतं. दारात फायबरची वायर आली, हॉलमध्ये आवाजावर चालणारा स्पीकर आला आणि घरचा बिनपगारी टेक्निशियन म्हणून नेमणूक झाली ती तुमची. ऑफर दिसली की बल्ब एका कंपनीचा, प्लग दुसरीचा, दाराचा सेन्सर तिसरीचा. मोबाइलवर चार ॲप. नाद खुळा! मग एक दिवस गच्चीवरच्या टाकीचा सेन्सर गप्प होतो आणि आई विचारते, ‘कशाला बसवलंस रे हे?’

प्रश्न रास्त आहे. झिगबी किंवा थ्रेडचं मेश नेटवर्क म्हणजे पुरात पाण्याचे कॅन हातोहात पुढं देणारी माणसांची रांग. कायम विजेवर चालणारी बहुतेक उपकरणं शेजाऱ्याचा निरोप पुढं पोचवतात; बॅटरीवरची पोचवत नाहीत. म्हणजे गच्चीपर्यंत रेंज हवी असेल, तर महागडा हब घेण्याआधी जिन्यात एक स्मार्ट प्लग लावून बघा. बल्बच्या भरवशावर मात्र राहू नका. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. आजीनं बटण दाबलं की रांगेतला एक माणूस गायब! त्यापेक्षा स्विचबोर्डामागं बसणारं मॉड्यूल बरं. त्याला बहुधा न्यूट्रल वायर लागते. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे तिथं ती असतेच. पण हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

खरी गोची पुढं आहे. झिगबी आणि थ्रेड दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झवर, एकाच रेडिओ मानकावर चालतात, तरी एकमेकांचे निरोप नेत नाहीत. झिगबीचे दहा प्लग लावले तरी थ्रेडच्या सेन्सरला उपयोग शून्य. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘मॅटर’ आलं, त्यानं कंपन्यांना एक भाषा दिली; जाळी मात्र वेगळीच राहिली. एकाच घरात दोन कंपन्यांचे थ्रेड राउटर दोन वेगळी जाळी चालवायचे. ती एक करायची प्रमाणित पद्धत सप्टेंबर 2024 च्या थ्रेड 1.4 मध्ये आली. म्हणून खोक्यावर नुसता ‘मॅटर’चा शिक्का बघून भुलू नका, खाली थ्रेड लिहिलंय की वाय-फाय तेही वाचा. आणि अमेरिकेतल्या मामानं झेड-वेव्हचं काही पाठवलं, तर प्रेमानं कपाटात ठेवा. तिकडची फ्रिक्वेन्सी 908.4 मेगाहर्ट्झ, आपली 865.2. जुळणार नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर कुणाला न सांगता बंद पडले आणि लोकांची ॲप मुकी झाली. पुढं ग्राहकांच्याच एका गटानं कंपनी विकत घेतली, म्हणून सेवा परत सुरू झाली. प्रत्येक वेळी असे ग्राहक कुठून आणायचे? आमचं मत स्पष्ट आहे : इंटरनेट नसताना घरातल्या घरात चालत नाही, ते घेऊच नका. 2013 पासून असलेलं होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवरही चालतं. त्याला झिगबीचा डोंगल जोडला की बऱ्याच कंपन्यांची उपकरणं एकाच जाळ्यात येतात. चारातली तीन ॲप तरी उडतील. शिकायला दोन-तीन रविवार जातील, पण इंजिनिअरिंगवाल्यांनो, हे कुठल्याही मिनी प्रोजेक्टपेक्षा भारी आहे.

फक्त एक लक्षात घ्या. दोन वर्षांनी तुम्ही पुण्याला, हिंजवडीला जाणार. सगळी अकाउंट तुमच्या नंबरवर, पासवर्ड तुमच्या डोक्यात. रात्री अकराला वडिलांचा फोन, ‘पोर्चची लाइट बंदच होईना.’ तेव्हा जायच्या आधीच दुसरं ॲडमिन अकाउंट घरात कुणाच्या तरी मोबाइलवर काढा. भिंतीवरची साधी बटणं चालू ठेवा. कुठला प्लग कुठल्या जाळ्यात आहे आणि हब रीसेट कसा करायचा, हे मराठीत एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीत आतून चिकटवा. आणि एखाद्या संध्याकाळी मुद्दाम राउटर बंद करून बघा, घरातले किती दिवे लागतात.