तपकिरी फोम नापास

शीतगृहाच्या पॅनेलांचा आख्खा लॉट ‘फोम फिकट पिवळा नाही’ या शेऱ्यानिशी परत आल्याचे एका वाचक-उत्पादकाने कळवले आहे. घनता बसली होती, दाबाची ताकद बसली होती, के-व्हॅल्यूही बसली होती. पॉलिओलचा काही भाग कार्डानॉलचा, म्हणजे काजूच्या टरफलातल्या तेलाचा. फोम कॉफीच्या रंगाचा होणारच. साहेबांनी तुकडा खिडकीशी धरला आणि ‘माल जळलाय’ म्हणून सही नाकारली. जळलेला फोम गाभ्यात काळवंडतो आणि कडेला फिका राहतो. हा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच तपकिरी होता. शिवाय तो दोन पत्र्यांमध्ये बंद राहायचा. पॅनेल फोडल्याखेरीज तो रंग बघणार कोण?

एरंडेलाचा पॉलिओल वापरणाऱ्या दुसऱ्या एकाकडे वाळवी लागणार नाही असा दाखला मागितला गेला. नेहमीच्या रिजिड पॉलिओलची सुरुवातच बहुधा साखरेपासून होते, हे या मंडळींना कुणी सांगू नये. उद्या मुंग्यांचा दाखला मागतील.

रिजिड पॉलियुरेथेन फोमचे आय.एस. १२४३६ हे मानक १९८८ मध्ये आले, तेव्हा फोम सीएफसी-११ ने फुगायचा. पुढे एचसीएफसी-१४१बी आला, १ जानेवारी २०२० पासून त्याची आयातही बंद झाली. आज कुणी सायक्लोपेंटेनवर आहे, कुणी एचएफओवर, कुणी नुसत्या पाण्यावर. पेशीतला वायू बदलला की उष्णतारोध थेट बदलतो, तरी एवढे सगळे टेंडरवाल्यांच्या पचनी पडले. पॉलिओलचे तेल बदलले तेवढे मात्र घशात अडकले.

तिकडे चंदगड, आजरा, वेंगुर्ल्याकडचे टरफल बॉयलरखाली धूर करत जळते आणि कार्डानॉलची रसायने करणारा कार्डोलाइटचा कारखाना उभा राहतो मंगळुरूला. मुंबईच्या जयंत ॲग्रोने एरंडाच्या पॉलिओलसाठी जपानच्या मित्सुई केमिकल्सशी भागीदारी केली त्यालाही बरीच वर्षे झाली. कच्च्या मालाची रड आता पुरे.

आपल्यातलेही काही कमी नाहीत. एरंडेलाची हायड्रॉक्सिल व्हॅल्यू १६० च्या आसपास, रिजिडला साडेतीनशेच्या वर हवी, हे ठाऊक असून ग्लिसरीनबरोबर ट्रान्सएस्टरिफिकेशन न करता कच्चे तेल मिश्रणात भरमसाट ओतायचे. मग पॅनेल थंडीत आकसले की खापर ‘बायो’वर! आणि आयसोसायनेट सगळा पेट्रोलियमचा असताना ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ अशी पत्रके छापणाऱ्यांनी एकदा कार्बन-१४ ची चाचणी करून घ्यावी. अशा मालाचा अनुभव आलेला अधिकारी पुढच्या प्रामाणिक माणसाला तपकिरी रंगावरून अडवतो, त्यात नवल ते काय?

नुसत्या तक्रारींनी मानक बदलत नाही. तेव्हा वाचकहो, महिनाअखेरपर्यंत आमच्या बुधवार पेठेतल्या कार्यालयात आकडे पाठवा: एकाच फॉर्म्युल्याचे दोन नमुने, एक नेहमीच्या पॉलिओलचा, दुसरा वनस्पतीच्या. दोन्हींची घनता, बंद पेशींची टक्केवारी, उणे तापमानातले आकसणे आणि के-व्हॅल्यू कळवा. सोबत कापलेला तुकडा असू द्या, रंग कोणताही चालेल. हे सगळे एका तक्त्यात मांडून आम्ही भारतीय मानक ब्यूरोकडे पाठवणार आहोत. ज्यांना नाव नको त्यांचे नाव येणार नाही. फक्त पहिल्या दिवशीची के-व्हॅल्यू पाठवून मोकळे होऊ नका. पेशीत हवा शिरल्यानंतरचा, सहा महिन्यांचा आकडा नसेल तर तो नमुना तक्त्यात घेतला जाणार नाही.