कुंपणच शेत खातें तेव्हां

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें दीर्घ पत्र आलें. २०२० सालच्या साथींत त्यांचे मामंजी वारले. वय पंच्याहत्तरीच्या पुढें. परंतु पहाटेचें स्नान, नित्याचे सूर्यनमस्कार, मोजका आहार. उभ्या जन्मांत त्यांनीं अंथरूण धरलेलें कोणीं पाहिलें नव्हतें. सासूबाई दम्याच्या जुन्या रोगी. ज्वर दोघांसही आला. सासूबाई आठवड्यांत उठून बसल्या आणि मामंजी बाराव्या दिवशीं गेले. त्या काळांत बाजारहाट सूनबाईच करीत. "रोग घरांत मींच आणला, शुश्रूषेंतही कांहीं तरी उणें पडलें," हें शल्य त्यांच्या मनांतून अद्याप जात नाहीं. आणि नात्यांतील एकदोघांनीं तसें बोलूनही दाखविलें आहे. त्यांचा प्रश्न असा कीं, मामंजींसारखा निकोप माणूस गेला कसा?

रोग कोणाकडून आला, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. पण निकोप दिसणारा माणूस एकाएकीं कां ढांसळतो, याचें निदान एक कारण शास्त्रज्ञांनीं त्याच वर्षीं शोधून काढलें, आणि तें मोठें विलक्षण आहे.

प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे. १९५७ सालीं लंडनमधील मिल हिल येथें ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान या दोघां संशोधकांस असें आढळलें कीं, कोंबडीच्या अंड्यांतील पडद्यास उष्णतेनें निर्जीव केलेला इन्फ्लुएंझाचा विषाणू लावला, तर त्यांतील पेशी एक द्रव्य बाहेर सोडतात. आणि त्याच्या सान्निध्यांत जिवंत विषाणूचीही वाढ खुंटते. त्या द्रव्यास त्यांनीं इंटरफेरॉन हें नांव दिलें. चोर शिरलेल्या घरांतून कोणीं शेजाऱ्यांस हांक मारावी, "कड्या लावून घ्या!", तसेंच कांहींसें याचें काम आहे. ज्या पेशींत विषाणू शिरला ती बहुधा वांचत नाहीं, पण भोंवतालच्या सावध होतात. ही हांक पहिल्या एकदोन दिवसांत गेली तर रोग सर्दीखोकल्यावर निभावतो.

आतां रक्तांतील दुसरे रक्षक पाहूं. परक्या जंतूस ओळखून त्यास धरणारीं जीं द्रव्यें शरीर निर्माण करतें, त्यांस प्रतिद्रव्यें म्हणतात. डॉक्टरमंडळी त्यांस अँटिबॉडी म्हणतात. त्यांनीं परक्यासच धरावें, आपल्यास धरूं नये, असा शरीराचा दंडक आहे. क्वचित् तो मोडतो. संधिवाताच्या कांहीं प्रकारांत सांध्यांवर जो घाला पडतो तो असाच घरचा असतो.

२०२० च्या सप्टेंबरांत पॉल बास्टार, जाँ-लोराँ कासानोव्हा व त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत जें प्रसिद्ध केलें तें असें. कोविडनें अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचें रक्त तपासलें, तेव्हां १०१ जणांच्या रक्तांत इंटरफेरॉनलाच धरून निकामी करणारीं प्रतिद्रव्यें सांपडलीं. सौम्य आजार झालेल्या वा मुळींच लक्षणें नसलेल्या ६६३ जणांत एकाच्याही रक्तांत तीं नव्हतीं. १२२७ निरोगी माणसांत अवघ्या चौघांत होतीं. त्या १०१ पैकीं ९५ पुरुष होते! ज्या थोड्यांचें साथीपूर्वीं घेतलेलें रक्त सुदैवानें जपून ठेवलेलें होतें, त्यांच्यांत हीं प्रतिद्रव्यें आधींपासूनच आढळलीं. म्हणजे रोग येण्यापूर्वींच पहारेकऱ्याच्या तोंडांत बोळा कोंबलेला होता, आणि घरांत कोणास त्याची वार्ताही नव्हती.

पुढील वर्षीं त्याच मंडळींनीं हजारों निरोगी लोकांचें रक्त पाहिलें. सत्तरीच्या आंत हा दोष हजारांत दोघांतही नाहीं. ऐंशी ओलांडल्यावर तो शेंकडा तिघाचौघांत आहे. कोविडनें दगावलेल्यांपैकीं जवळजवळ पंचमांशांत तो होता. इन्फ्लुएंझाच्या जीवघेण्या न्यूमोनियांतही २०२२ सालीं तो शेंकडा सुमारें पांच रुग्णांत मिळाला. एरवीं या दोषाचें कांहींच लक्षण दिसत नाहीं. सूर्यनमस्कारांची थोरवी मी कमी करीत नाहीं, पण ते येथपर्यंत पोंचत नाहींत.

दुसराही एक प्रकार आहे. कित्येकांत आपल्यावरच उलटणारीं प्रतिद्रव्यें आजाराच्या भरांत नव्यानें उपजतात. अमेरिकेंतील मिशिगन येथें रुग्णालयांत दाखल झालेल्या १७२ कोविडरुग्णांपैकीं निम्म्याहून अधिकांत रक्ताच्या गुठळ्या होण्यास साह्य करणारीं प्रतिद्रव्यें आढळलीं होतीं.

हांक वेळेवर न गेल्यानें विषाणू माजतो, आणि मग शरीर उशिरां जागें होऊन असा कांहीं दाह पेटवितें कीं फुप्फुसेंच होरपळतात. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनें प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वांचले ते हा दाह शमल्यामुळें. प्राणवायूची गरज नसलेल्यांस त्यापासून लाभ झाला नाहीं, हें २०२० च्या इंग्लंडांतील मोठ्या चांचणींत दिसलें. तरीही आपल्याकडे पहिल्याच दिवशीं, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून, तें घेणारे महाभाग कमी नव्हते.

भगिनींच्या मामंजींचें रक्त तसें तपासलें गेलें नव्हतें. म्हणून त्यांच्यांत हाच दोष होता असें मी म्हणणार नाहीं. पण असल्यास, पथ्याच्या काढ्यांत वा रात्रीच्या जागरणांत उणें काय पडलें, याचा शोध व्यर्थ आहे. पेला कोणीं वेळेवर दिला, यावर तें मुळीं अवलंबूनच नव्हतें.

पत्राच्या शेवटीं त्या विचारतात, यजमानांचीही रक्तपरीक्षा करून घ्यावी काय? ही परीक्षा मुख्यत्वें संशोधनशाळांतून होते. त्यांचें वय पन्नाशीचें असल्यानें त्यासाठीं धांवाधांव करण्याचें कारण नाहीं. हा दोष, कांहीं अतिविरळ जन्मजात व्याधी सोडल्यास, बापाकडून मुलाकडे येत नाहीं. डॉक्टर सांगतील त्या लशी घ्याव्या. आणि ज्वर आल्यास बोटास लावावयाच्या यंत्रानें प्राणवायू सकाळ-संध्याकाळ पाहावा. तो ९४ च्या खालीं गेल्यास, धाप लागलेली नसली तरी, डॉक्टरांकडे त्याच दिवशीं जावें. सासूबाईंसही माझें हेंच सांगणें आहे.