मेंदूंतील द्वारपाल

गेल्या महिन्यांत विष्णुपुरीस आमच्याकडे एक जुने स्नेही आले. बोलणें गोदावरीच्या पाण्याचें, पण लक्ष दुसरीकडेच. शेवटीं म्हणाले, "गुरुजी, पुतणीचें लग्न ठरत आलें आहे. लहानपणीं तिला फेंफरें येत असे. चार वर्षें औषधानें झटका नाहीं. मुलाकडच्यांस सांगावें काय? वहिनी म्हणतात, सांगूं नये."

उत्तरापूर्वीं रोगाचें स्वरूप पाहूं. मेंदूंतील पेशीच्या आवरणांत प्रथिनांचीं सूक्ष्म द्वारें असतात. सोडियमचे विद्युद्भारित कण आंत शिरले कीं पेशी उत्तेजित होते; पोटॅशियमचे बाहेर पडले कीं शांत होते. हा ताल बिघडून असंख्य पेशी एकदम उसळल्या म्हणजे झटका येतो. द्वाराचें महत्त्व किती? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांनीं सेमूर बेंझर यांच्यासह उष्णतेनें लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास १९७६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील एका वाणांत दोष सोडियमच्या द्वाराचाच होता, हें पुढें उघड झालें.

या द्वारांवर द्वारपालही आहेत. कायनेज नांवाचीं विकरें प्रथिनावर फॉस्फेट चिकटवितात, दुसरीं विकरें तें काढून घेतात. फॉस्फेट चिकटविण्यास फॉस्फरीकरण म्हणतात. केव्ही २.१ नामक पोटॅशियमच्या द्वारावर अशा सोळा जागा २००६ सालीं नोंदविल्या गेल्या. उंदरांस मुद्दाम झटके आणले, तेव्हां या द्वारावरील फॉस्फेट गळालेलें दिसलें. तें गळालें कीं द्वार सहज उघडतें आणि खवळलेली पेशी आवरली जाते. म्हणजे मेंदू स्वतःच वादळ शमवूं पाहतो! हेंच द्वार माणसांतही आहे. त्याच्या जनुकांतील दोष तीव्र अपस्मार असलेल्या बालकांत २०१४ सालीं आढळले. प्रत्येकाचें कारण हेंच असतें असें नव्हे. पण यांत भूतबाधा नाहीं, पूर्वजन्मींचें पाप नाहीं, वेडही नाहीं, हें निश्चित.

हिंदु विवाह कायद्यानें वारंवार येणारा अपस्मार विवाहास बाध मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीनें तो शब्द वगळला. कायद्यानें जें सोडलें, तें आम्हीं सुशिक्षितांनीं कां धरून ठेवावें?

आम्हीं स्नेह्यांस म्हटलें, "रोग लपवायचा तर रोजची गोळीही लपवावी लागेल. सासरीं चोरून घेतलेली गोळी एखादे दिवशीं चुकणार, आणि चुकलेली गोळी म्हणजे झटक्यास आमंत्रण. तुम्ही अब्रू राखाल आणि मुलीस संकटांत लोटाल. आधीं तिला विचारा."

परवां त्यांचें पत्र आलें. मुलीनें स्वतःच मुलास सर्व सांगितलें. मुलाकडचे "विचार करून कळवितों" म्हणाले आहेत. लग्न जमेल कीं नाहीं, ठाऊक नाहीं. मात्र आतां तिची गोळी देवघराशेजारच्या फळीवर उघडी असते, आणि रात्रीं वहिनीच तिला आठवण करितात.