शिवारात फोन का मरतो?

रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला विहिरीवर जावेच लागते. पूर्वी हातात विजेरी असायची, आता मोबाईलचाच उजेड. तोच नेमका बांधावर बंद पडला तर पाय कशावर पडेल याचा नेम नाही. म्हणून आज त्याच्या बॅटरीविषयी.

घरी दिवसभर पुरणारी बॅटरी शिवारात दुपारीच का संपते? दोष बहुधा रेंजचा. टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकद लावावी लागते, आणि रेंज नसलीच तर तो टॉवर शोधत बसतो. लांबच्या माणसाला हाका मारून घसा बसावा, तसेच हे. अशा ठिकाणी विमानाचे चित्र असलेले बटण दाबा. फोन लागणार नाही, पण उजेडापुरती बॅटरी राहील. घराजवळ आलात की तेच बटण पुन्हा दाबा.

दुसरा वैरी ऊन. ही बॅटरी लिथियम-आयन जातीची. १९९१ साली ती बाजारात आली आणि तिचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल मिळाले. उष्णतेने ती आतून झिजते, पूर्ण भरलेली असली तर अधिकच. तेव्हा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फोन ठेवू नका. 'पार संपवून मगच चार्जिंगला लावावा' ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम सेलांची. लिथियमला ते मानवत नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवलेली बॅटरी जास्त दिवस टिकते. मीही कित्येक वर्षे उलटेच करीत होतो!

बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले, तर मात्र फोन त्याच दिवशी बंद करा. टोचू नका, चार्जिंगला लावू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, पेट घेते. पोरांच्या हाती तर मुळीच नको. दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

पुढे काय येणार? सिलिकॉन मिसळलेल्या बॅटऱ्या काही फोनांत आल्याच आहेत. तेवढ्याच जागेत त्या जास्त वीज साठवतात. आतल्या ज्वालाग्राही द्रवाऐवजी घन पदार्थ घालण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते स्वस्तात जमवणे अवघड आहे. सोडियमच्या बॅटरीवर आपल्या पुण्यातही काम झाले; केपीआयटी कंपनीने आयसर संस्थेच्या साथीने विकसित केलेले तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सोडियम मिठातही असते, त्यामुळे तुटवडा नाही. मात्र तेवढीच वीज साठवायला ही बॅटरी जड होते. खिशापेक्षा सौर पंपाच्या खोलीत ती शोभेल, असे मला वाटते.

तोवर रात्री निघताना सेलची विजेरी पिशवीत असू द्या.